आखूड वात

लक्ष्मीपूजन. मुंबई, लेकाच्या घरी.

आत्ताच बोटीवरून आलो. लेकानं हौसेनं नेलं होतं. समुद्रात जेवण अन् वर आतषबाजी. आभाळ लाल-हिरवं झालं की सगळे टाळ्या वाजवायचे. हे मात्र डाव्या हातानं मांडी थोपटत बसले. उजव्या हाताला दोनच बोटं, टाळी वाजत न्हाई.

शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काका, हाताला काय झालं?"

"आमच्या पुसेगावला हरभऱ्यात रानडुकरं येतात. हाकलायला सुतळी बॉम्ब फेकत होतो. खराब निघाला, हातातच फुटला."

खराब? बॉम्ब फुटेपर्यंत डुकरं पार शेताच्या दुसऱ्या धुऱ्याला जायची, म्हणून त्या दिवशी सगळ्या वाती मीच अडकित्त्यानं आखूड केल्या होत्या. ह्यांना सांगायचं राहून गेलं. नंतर हिंमतच झाली न्हाई. आठ वर्षं झाली. मग आजच काहून लिहून राहिले?

त्याच दोन बोटांनी ह्यांनी गुलाबजाम उचलून माझ्या ताटात ठेवला. ह्यांना ठाऊक न्हाई, असंच मी धरून चालले होते. पण "खराब निघाला" म्हणताना हे माझ्याकडं बघत न्हाईत. आज ध्यानात आलं, कधीच बघितलं न्हाई.