लिहिणाऱ्याने गप्प बसायचं

३ मार्च, मंगळवार
आज भिंत कमी रंगवली, कान जास्त लावले! मिस्त्री म्हणाले होते, विद्यापीठातली वरची खोली रिकामी असेल. कसली रिकामी! आम्ही शिडीवर, खाली सात-आठ पोरंपोरी. एका मुलीने स्वतः लिहिलेली गोष्ट वाचली. मग बाकीचे तुटून पडले — शेवट लंगडा आहे, म्हातारा फार रडवतो, अमुक नि तमुक. आणि ती? चकार शब्द नाही! त्यांचा नियमच आहे. लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. आधी काय आवडलं ते सांगतात, मग काय नाही ते. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बरं, धन्यवाद." आणि सगळे हसत चहाला गेले. एकत्र!

आमच्या घरी असतं तर ताटं उडाली असती.

८ मार्च, रविवार
घरी फोन केला. आईच बोलली. अण्णा नाहीच आले. त्यांचं शिलाईचं दुकान सोडून इकडे आलो, तेव्हापासून बापलेकांत अबोला. चूक कुणाची, देव जाणे. ते एक बोलायचे, मी चार.

आईला त्या पोरांचा नियम सांगितला. म्हणाली, "तू नि गप्प? झोपेत तरी असतोस का?"

१० मार्च, मंगळवार
फजिती! ती मुलगी गोष्ट सुधारून घेऊन आली होती. गोष्टीतला म्हातारा मेला नि मी शिडीवरून बोललोच — "अहो, इतक्या लवकर?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. पोरं खो-खो हसली. एक चष्मेवाला म्हणाला, "दादा, आधी आवडलं ते सांगायचं."

"म्हाताराच आवडला हो. म्हणून तर!"

तिने काहीतरी टिपून घेतलं. दिवसभर उगाच छाती फुगलेली.

११ मार्च
मिस्त्री म्हणतात, "भिंतीला दोन हात मारून झाले. आता एक तुझ्या तोंडाला मारतो."

१५ मार्च, रविवार
अण्णा आले फोनवर! आईने हातात कोंबला असणार. कसा आहेस नाही, जेवलास का नाही — थेट सुरू. तीन धंदे सोडलेस, बूड कुठे टेकत नाही, बापाच्या कात्रीची लाज वाटते तुला...

लाजेचं साफ खोटं! ओठांवर आलं होतं. शर्टाची कॉलर चावून धरली — खरंच.

"ऐकतोयस का?"

"हो."

पुन्हा सुरू. मग हळूहळू आवाज उतरला. म्हणाले, "काजं मात्र तुझ्यासारखी कुणाला जमत नाहीत."

म्हणजे आवडलेलं शेवटी सांगितलं. उलटं झालं — पण चालेल! "बरं अण्णा," म्हणालो. झालं. नंतर दोन ताटं जेवलो.

१६ मार्च, सोमवार
सकाळी अण्णांचा फोन. स्वतःहून! शिडीवरच घेतला.

"तुझी आई सांगत होती त्या पोरांचं. तर आता तू बोल. का गेलास ते सांग. मी मध्ये तोंड उघडणार नाही."

आणि मला — मला! — सुरुवातच सुचेना. ते थांबून राहिले.