पिंजऱ्यातला घास

५ सप्टेंबर १९४३, जबलपूर
नागपूरहून सामान आलं: दोन ट्रंका, देवांचा डबा, जातं. हमाली चौदा आणे. क्वार्टर उजेडाचं आहे, देवांना पूर्वेचा कोनाडा मिळाला. यांनी फॅक्टरीतून येता येता खेकड्यांसाठी बांबूचा पिंजरा आणला, सव्वा रुपया! म्हणाले, बापूसाहेबांचा मुलगा खेकड्यांवाचून राहील काय?

१२ सप्टेंबर
रविवार. तिलवाऱ्याला नर्मदेच्या घाटावर गेलो. पिंजऱ्यात दगड बांधायचा, तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवायचं. आतल्या आमिषाचा वास वाहत जातो, त्यामागे खेकडा वर येतो. तोंडाच्या काड्या आत वळलेल्या. शिरता येतं, निघता येत नाही. सात मिळाले. शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, काहून वहिनी, नर्मदामाईकडे हेच मागितलं का?

१९ सप्टेंबर
मामंजींचं, बापूसाहेबांचं, श्राद्ध. एरवी नागपूरला जाऊबाईंकडे होतं. तिथे त्या पानाशी वाकून काही पुटपुटायच्या की लगेच कावळा शिवायचा. काय म्हणायच्या, मी कधी विचारलं नाही. आज तीनपर्यंत शिवला नाही. घास नदीत सोडायचं ठरलं. हे पिंजरा लावायला निघालेच होते, आमिषाला मासळीचं डोकं दोन आणे. घास नाहीतरी नदीतच जायचा, तर पानासकट पिंजऱ्यात घालून सोडा. मीच म्हटलं.

२० सप्टेंबर
पिंजरा दोन्ही हातांनी ओढावा लागला. आत एक खेकडा नाही. पान पुसल्यासारखं स्वच्छ. ओसरीवर टांगलाय, दोर अजून ताठ आहे.

२२ सप्टेंबर
वाळत नाही. भाताला उकळी आली की आत खसखस होते. यांनी वाकून पाहिलं आणि बाबा, अशी हाक मारली. कामावर गेले नाहीत.

२४ सप्टेंबर
मी विळीने काड्या कापल्या, म्हटलं मामंजी, या बाहेर, जा. सकाळी काड्या होत्या तशा. हिरव्या.
हे आपल्या ताटातलं तिथे भरवून राहिले.

२६ सप्टेंबर
हात आत अडकला. कोपरापर्यंत. पिंजरा एवढासा, बोटं दिसत नाहीत. दुखत नाही म्हणतात. भूक लागली म्हणतात. आवाज मामंजींचा —

२७ सप्टेंबर
खांद्यापर्यंत.
जाऊबाई, हे पान फाडून बेबीताईंकडून टपालात टाकते. परवा सर्वपित्री. पुन्हा पान मांडीन. तुम्ही पुटपुटत होता ते काय? त्यांचं काय राहिलं होतं? तेवढं कळलं की मी मोठ्याने म्हणेन, ते सुटतील, हे सुटतील —
मला हाक मारताहेत. सूनबाई म्हणून. यांचा दुसरा हात मोकळा आहे, माझ्या पदराशी —
दोन शब्द पुरे. उलट टपाली कळवा, उलट टपा—