डबीतून पुसलेलं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार
आणि वर दुकानावर बोर्ड लावलाय, ‘आमचेच संशोधन’! लाज न्हाई मंचरच्या त्या जिनेशला. घरबसल्या मोबाईलवरून शेतातली मोटर चालू करायची डबी विकतो. आतला प्रोग्रॅम आमच्या श्रेयाचा, माझ्या भाचीचा. तिनं तो इंटरनेटवर फुकट ठेवलाय. अट एवढीच: कुणीबी घ्या, विका, पण माझं नाव ठेवा आणि जे बदल कराल ते सगळ्यांना उघडे दाखवा. यानं नाव पुसलं, बदल कुलपात. उद्या जाऊन सालटी काढते.

४ नोव्हेंबर
गेले नाही. कांद्याची लागण. लागणीच्या बायका आल्याच नव्हत्या, ते सोडा.

५ नोव्हेंबर, दुपारी
श्रेया रडली. पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला साहेब म्हणाले, हा प्रोग्रॅम मंचरच्या दुकानदाराचा, तू उचललास का? सोमवारी पुरावा घेऊन ये, नाहीतर नोकरी विसर.
 नाव मीच पुसायला लावलं. लिहिते, वही कोण वाचतंय! आषाढात जिनेशनं आमच्याकडं डबी बसवली. मोबाईलवर मोटर चालू करायला गेलं की पहिलं श्रेयाचं नाव, खाली नंबर. लग्नाची पोर, ओतूरचं स्थळ बघून गेलेलं. गावभरच्या टग्यांना नंबर वाटायचा? माझं काय चुकलं?
स्थळ तसंही फिरकलं नाही.

६ नोव्हेंबर
गेले मंचरला. आवाज चढवला. जिनेश म्हणाला, मावशी, बसा. नाव तुमीच काढायला लावलं, तुमी मोबाईलवर धाडलेला आवाज हाय माझ्याकडं. नाव टाकतो परत. पण बदल उघडे केले तर बाजूचा दुकानदार उद्या हीच डबी विकंल. श्रेयानं नोटीस धाडली तर आवाज ऐकवीन तिला.
म्हटलं, ऐकवा, मी काय भिते?
लई भ्याले.

७ नोव्हेंबर
रात्रीच ठरलं होतं. सकाळी श्रेयाला सगळं सांगायचं.
सकाळी ती गाडी धूत होती. संध्याकाळी जिनेशला नोटीस लिहीत होती. मला वाचून दाखवली. म्हटलं, अजून कडक लिही. मोबाईलवरून लगेच धाडली.

८ नोव्हेंबर, शनिवार
जिनेशचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे माझाच आवाज: ‘भाऊ, पोरीचं नाव पुसा, मी आत्या हाय तिची, मी सांगते.’
श्रेयानं दोनदा ऐकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आत्या, माझं नाव काढायची परवानगी फक्त मी देऊ शकते. तू कोण?
मग एक कागद माझ्यासमोर ठेवला. वर माझं नाव, धोंडाबाई, अहोजाहो करून. खाली: प्रोग्रॅम माझा असताना नाव काढायला तुम्ही कुणाला विचारलंत? सोमवारी साहेबांना दाखवायचंय. लेखी उत्तर, सहीसकट, उद्या रविवारी दुपारी बारापर्यंत द्या.