उलटं बसलेलं चाक

वेणू,

तू नळावर गेलीस आणि इनामदारांचा माणूस ‘चला, लवकर चला’ करत दारात येऊन उभा राहिला, म्हणून लिहून ठेवतोय. त्यांची शर्यतीची जुनी मोटार काल जोडून दिली खरी, पण मागच्या आसातलं मोठं दातेरी चाक माझ्या हातून उलट्या बाजूला बसलं. पुढचा गिअर टाकला, तर मोटार सगळ्यांदेखत मागे धावली आणि कडब्याच्या गंजीत घुसली. आता स्प्रिंगचे पाटे, आस, सगळं पुन्हा उतरवायचं. ती सरळ धावेपर्यंत मी त्यांच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम आहे.

पंधरा वर्षांत अशी चूक झाली नव्हती. लक्षच ठिकाणावर नव्हतं.

देव्हाऱ्यामागे तुझ्या माहेरचं, अळणावरहून आलेलं पत्र आहे. तुझ्या आईचं दुखणं वाढलंय, तुला बोलावलंय. मोटार आटपून मीच तुला नेईन, म्हणून लपवलं होतं. अप्पा सुनेला एकटीला धाडणार नाहीत. भांडावं लागलं तर भांड, पण शेजारच्या रामूअण्णाला सोबत घेऊन दुपारच्या आगगाडीनं नीघ.

पत्राची तारीख बघशीलच. मला काय बोलायचं ते आईला भेटून आल्यावर बोल.

प्रभंजन