पिठाच्या पेटीचा प्रवेश

नापोली,
१४ नोव्हेंबर १८२२

प्रिय ब्रिजिदाताई,

तुला आणि दोनातोदाजींना नमस्कार. मी बरा आहे. तू पाठवलेले चेस्टनट पोचले, अजून भाजायला सवड झालेली नाही. ज्वालामुखी निवला, पण त्याची राख गच्चीवर तशीच आहे. शिंकून शिंकून आम्हा गाणाऱ्यांचे हाल झालेत.

चेलेस्तिनो स्वतः का लिहीत नाही, असं तू विचारलंस. त्याला जमत नाही सध्या. सांगतो.

आमचा नवा ऑपेरा एकअंकी आहे, निव्वळ हसवणारा. मी कंजूष बाप, तुझा लेक माझ्या पोरीचा प्रियकर. माझी चाहूल लागली की तो पिठाच्या पेटीत लपतो. मी अख्खं घर धुंडाळतो, पेटी तेवढी उघडत नाही. मग तो आतून गातो आणि मला वाटतं, पीठच गातंय. लोक हसून लोळतात. ताई, पोराने नाव काढलं. बाजारात मासेवालेसुद्धा त्याचं गाणं गुणगुणतात.

परवा मंगळवारी त्याच्या मानाचा खेळ होता. त्या दिवशी दोस्तांनी भर खेळात गायकाची खोडी काढायची, हा इथला रिवाज तुला ठाऊक आहेच. माझ्या वेळी मंचावर गाढव सोडलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त तूच हसली होतीस.

मी घर धुंडाळत होतो, तेवढ्यात दोन शिपाई मंचावर आले. या खेळात शिपाई नाहीतच. म्हटलं, आली खोडी! सोंगंही झकास, बुटांवर राखसुद्धा.

"चेलेस्तिनो कुठाय?" एकाने विचारलं. खेळातलं नाव नाही घेतलं त्याने. खरं नाव घेतलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

पण माझी जीभ तुला माहीत आहे. "या, या, साहेब! माझी पोरगी पळवतोय मेला! न्या एकदाचा, घरातला पाव तरी वाचेल!" लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मला आणखी चेव आला. ताई, पेटीचं झाकण मी माझ्या हाताने उघडलं.

तोही हसतच उठला, केसांत पीठ. माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, ही ध्यानं कुठून पैदा केलीस?" मग एकाने त्याचा हात पाठीमागे पिरगळला. "मामा!" असा ओरडला तो. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, "पुन्हा! पुन्हा!" म्हणून गलका केला. वाद्यं चालूच होती. मीही गात राहिलो, कारण मला अजून ती गंमतच वाटत होती. पडदा पडल्यावर मागच्या दारी गेलो तेव्हा गाडी निघून गेली होती.

दोन वर्षांपूर्वी, राजाकडे राज्यघटना मागणाऱ्यांच्या धामधुमीत तो कुणाकुणाबरोबर फिरला, ते मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल. त्यातले जे पकडले गेले त्यांच्या घरी मी काल जाऊन आलो. कुणी दार पुरतं उघडलं नाही. एक बाई फटीतून एवढंच म्हणाली, "तुम्ही उशीर करू नका."

आमचा मालक म्हणतो, "सावेरिओ, लोकांना तो शिपायांचा प्रवेश फार आवडला. आता रोज करायचा."

मी म्हटलं, "मग पेटीत तू बस!"

तो हसला नाही. "वरूनही तसंच कळवलंय," म्हणाला, "आणि झाकण तूच उघडायचंस, असंही."

आज नवा गायक येतोय. मी झाकण उघडणार आहे. मला भीती वाटते, ताई.

त्याला किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलंय, तिथे फक्त आईला भेटू देतात. हे पत्र मिळताच निघ. त्याच्यासाठी लोकरीचा सदरा आण, भिंती ओल्या आहेत. पहारेकऱ्यांशी भांडू नकोस. दाजींना आवर.

तो तुला पहिलं हेच विचारेल, मामाला माहीत होतं का? नव्हतं म्हणून सांग. तुझा विश्वास बसला नाही, तरी त्याला तसंच सांग.

ज्याच्या भरवशावर तू पोर शहरात धाडलंस, तो तुझा भाऊ,
सावेरिओ