चार नंबरचा सेल

६ जानेवारी २००६, लोहारा
पार्सल आलं. सहा सोलर सेल, मीटर, खाचांची फळी, ह्यांची वही. रिक्षा २५ रुपये — कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडलेला, रिक्षावाला लांबून फिरून आला. पुण्याच्या मॅडमनी हेच सेल पाच गावी मोजून घेतले होते, सगळीकडे आकडा सारखा येतो का बघायला. सोबत चिठ्ठी — "चार नंबरचा तुमच्या यजमानांचा आकडा दुसऱ्या कुणालाच येत नाही. ते कसे मोजत, कळवावे. नाहीतर अहवालातून नाव काढावे लागेल."
नाव! ह्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचा धुतल्या, तेव्हा एकदा छापून येणार होतं. माणूस जाऊन सहा महिने. आता नावही जाणार?

८ जानेवारी
बाराच्या उन्हात अंगणात फळी मांडली, ते मांडत तशीच. ते आकडा सांगत, मी लिहीत — वहीतलं अक्षर माझंच. आज लेकीने, नलूने सांगितला. सगळे १०४. चार नंबरही १०४. वहीत मात्र महिन्यातून एकदा चार नंबर बाकीच्यांपेक्षा सातने जास्त.
शेजारची जमनी कुंपणावरून — "गेल्या माणसाचं काहून उकरून राह्यल्या, बाई?"
पोरगी तडकली. "माहे बाबा खोटं कायले सांगतीन!"

११ जानेवारी
१०४. १०४. १०३. मीटरची कळ 'टक्' वाजली की मी पेन्सिल उचलते. मागून त्यांचाच आवाज येईल म्हणून थांबते.

१४ जानेवारी
पौर्णिमा. ते असताना दर पौर्णिमेला जायची; ते गेल्यापासून आज पहिल्यांदा पांढरी साडी नेसून विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथ्यावर — खोटं बोलणार नाही — वहीतला चार नंबरच आठवला.

१५ जानेवारी
साडी धुऊन दोरीवर टाकली, मग फळी मांडली. चार नंबर — १११!
मागे वळून पाहिलं. खरंच वाटलं, आले.
"आई, आला बाबाचा आकडा!" नलू नाचायलाच लागली.
दोरी हलली. साडी हलली. आकडाही हलला.
साडी काढली — १०४. टाकली — १११. फळीवरचे नंबर ओळीने नाहीत; चारची खाच दोरीकडच्या टोकाला. साडीवरचं ऊन उलटून त्याच्यावर पडतं. वहीतल्या तारखा कॅलेंडरला लावून पाहिल्या. सगळ्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच्या.
नलू हळूच — "मॅडमले एकशे अकराच लिव ना. साडीचं कोण पुसते?"

१६ जानेवारी
पत्राचा कागद काढला, पण एकशे अकराही लिहिलं नाही, साडीचंही नाही.

१७ जानेवारी
पत्र टाकलं. नक्कल —
मॅडम, आकडे खरे आहेत, सेल साधाच आहे. जास्तीचं ऊन माझ्या धुतल्या साडीचं. मे महिन्यात मी ती काढायला गेले तर हे म्हणाले होते, "राहू दे, आज आकडा चांगला येऊन राह्यला." तेव्हा मी हसले होते. नाव काढायचं तर काढा. पण ते बोलणं खोट्यात धरायचं का, तेवढं उलट टपाली कळवा.