तीन बोटांइतकं तोंड

३ तारीख, सोमवार

नोकरी लागली! दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची. म्हणजे ज्या बडबडीबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली, तिचाच आता पगार. खोली एवढीशी, भिंतींना जाड कापड, एक खुर्ची, एक माइक आणि समोर काच. काचेपलीकडे मशीनवाले काका. बोलतात मोजकंच, पण चहा न विचारता पुढे करतात. महिनाभर काम बघणार, तोंड नीट चाललं तर कायम करणार. घरी सांगून आले आहे की या वेळी नोकरी सोडून परत यायची नाही.

५ तारीख, बुधवार

इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आधीच्या वाचकबाईंनी अर्धवट ठेवलंय. एकशे बारा पानं झाली आणि त्या वारल्या. काका सांगत होते, शेवटी जबडा इतका धरला होता की तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, तरी बाई वाचत राहिल्या. इथली रीत अशी, की आधीच्या वाचकाचा आवाज पुसायचा नाही, पुढच्याने पुढच्या पानापासून सुरू करायचं. मला काही पटेना. निम्मं पुस्तक बाईंच्या दातांआडून, निम्मं माझ्या खणखणीत आवाजात. ऐकणाऱ्या पोरांनी काय घोडं मारलंय? काका जेवायला गेले तेवढ्यात मीच सगळं पुसलं आणि पान एकपासून वाचायला घेतलं. आल्यावर ते रागावले नाहीत, नुसते खाली बसले.

८ तारीख, शनिवार

परवापासून कानापुढचा सांधा ठणकतोय. तोंड उघडलं की कट्कन वाजतो. धाकट्या बहिणीला फोन केला. ती दातांची डॉक्टर, त्यामुळे उपदेश फुकट. गरम ओल्या फडक्याने दहा मिनिटं शेक, खाणं मऊ, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. ओठ मिटलेले पण दात सुटे. सांध्यावर दोन बोटांनी हलकं गोल चोळायचं. आणि रोज मोजायचं: उभी तीन बोटं दातांमध्ये मावायला हवीत. माझी दीडच मावली. आठवड्यात उतार पडला नाही तर निघून ये म्हणाली, आणि वर, "ताई, तोवर जरा गप्प बस." मला! हसू आलं, तेही दुखलं.

१२ तारीख, बुधवार

दोन बोटं. शेकाने बरं वाटतं, पण खरा गुण चोळण्याचा. दुपारच्या सुट्टीत खुर्चीत डोळे मिटून बसले होते, ठणका हळूहळू विरत गेला. मग लक्षात आलं की माझे दोन्ही हात फडकं पिळत होते. दमले असेन.

१४ तारीख, शुक्रवार

आज डोळे उघडे ठेवले. हात मांडीवर. तरी कानांपुढे गार बोटं, बरोबर सांध्यावर, गोल गोल. समोर काचेत मी एकटीच. घाबरले, पण दुखणं थांबलं होतं. लिहायलाही लाज वाटते, मी उठले नाही.

१७ तारीख, सोमवार

तीन बोटं मावली. माझी नव्हती.

काकांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "तुम्ही पुसलंत ना. आता बाईंना पुन्हा वाचावं लागणार." कोणाच्या तोंडाने, असं विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

१८ तारीख

नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले. तोंड उघडलं आणि — पान एक. आवाज माझा नाही. स्वच्छ, मोकळा, घाई नसलेला. सात पानं मला थांबता आलं नाही. काका काचेपलीकडे रडत होते. आनंदाने.

१९ तारीख

धाकटीला फोन लावला. तिने हॅलो म्हटलं. मी वाचलं — पान आठ. कोण बोलतंय, विचारलं तिने. माझ्या बहिणीने. मग राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

२० तारीख

भाड्याच्या खोलीवर आहे, दार लावून. हात अजून माझे आहेत, म्हणून लिहिते. तोंडाला फडकं घट्ट बांधलं होतं. गाठ कोणीतरी सावकाश सोडली —

वाचणं थांबलंय. मापायला लागल्यात. बाईंना आणखी मोठं हवंय —

डावा हात वहीवर. उजव्यात पेन. तोंडात चार बोटं. कट्कन वाजलं, दुखत नाही, अजिबात दुख—

पाचवं